विद्यार्थी बाबासाहेब: इंग्रजी घरून नेली, परदेशातून काय आणले?

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरला आणि आजूबाजूच्या गावांत आम्ही मुलामुलींना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत करतो. परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात आली की दोन प्रश्न हमखास पुढे येतात. पहिला मुलांचा असतो. मराठी माध्यमात शिकलो, आमची इंग्रजी तिथे चालेल का? दुसरा आईवडिलांचा असतो आणि तो बहुधा मुलं बाजूला गेली की हळूच विचारला जातो. पोरगं तिकडं गेलं तं आपलं राहीन काय?

दोन्ही प्रश्नांमागची भीती खरी आहे. कापूस वेचून आणि सोयाबीन सोंगून घर चालवणाऱ्या कुटुंबाने मुलगा किंवा मुलगी इतक्या लांब पाठवणे ही साधी गोष्ट नाही. पण ज्या घरांत हे प्रश्न विचारले जातात, त्या प्रत्येक घराच्या भिंतीवर एका परदेशी शिकलेल्या विद्यार्थ्याचे छायाचित्र आहे. कोट, टाय, चष्मा आणि हातात पुस्तक. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ आहे. भाषणात ती म्हटली की टाळ्याही पडतात. त्या पदव्या घेताना हा विद्यार्थी आतून कसा बदलला, त्याची भाषा कशी बदलली आणि कोणती गोष्ट अजिबात बदलली नाही, याबद्दल मात्र आपण कमी बोलतो. १९१३ ते १९२३ या दहा वर्षांकडे या दोन प्रश्नांच्या बाजूने पाहावे, असे आम्हाला वाटते.

इंग्रजीचा पाया घरात पडला

बाबासाहेबांची इंग्रजी अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये घडली, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. तिचा पाया सुभेदार रामजी सकपाळ यांनी घातला. रामजीबाबा लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. लष्करात महारांना जागा होती त्या काळात सैनिकांच्या मुलांना शाळा मिळाली आणि आंबडव्याच्या या घराण्यात शिक्षण शिरले, ते त्या वाटेने. निवृत्तीनंतरही रामजीबाबांनी मुलाचा अभ्यास सोडला नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला आणि हॉवर्डची इंग्रजी पुस्तके त्यांनी भीमरावांकडून घोटून घेतली. मराठी वाक्याला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हा सराव घरात रोज चाले.

१९०० साली भीमरावांनी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत नाव घातले. वर्गात बसायला घरून आणलेले गोणपाट होते. तहान लागली तर वरून पाणी ओतणारा शिपाई हजर असावा लागे. पुढे कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळा संसार होता. मुलगा लवकर झोपे, बाप जागा राही आणि मध्यरात्र उलटल्यावर त्याला अभ्यासाला उठवी. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले, तर रामजीबाबा लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणत आणि गहाण टाकत. भीमरावांना संस्कृत शिकायचे होते, पण जातीमुळे ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. इंग्रजीची वाट मात्र कोणी अडवली नव्हती.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले. मुलांनी हा आकडा नीट वाचावा, कारण तो चाळीस टक्क्यांच्याही खाली आहे. तरीही अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सभा भरली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक मराठीत होते.

केळुसकर गुरुजींच्याच प्रयत्नाने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊन भीमराव पदवीधर झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजीबाबा गेले. ज्या बापाने इंग्रजी घोटून घेतली, त्याला मुलगा बोटीत बसताना पाहता आला नाही. जूनमध्ये बडोदा सरकारशी करार झाला. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशी त्यात अट होती. जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला उतरले. त्या वेळी त्यांच्या गाठीला बारा-तेरा वर्षांची इंग्रजी होती आणि तीही कष्टाने मिळवलेली.

न्यूयॉर्कने भाषेचे काम बदलले

सुरुवातीचे काही महिने अभ्यासाच्या दृष्टीने फारसे बरे गेले नाहीत. नवे शहर, नवे मित्र, नाटक, फिरणे यांत वेळ गेला. तिथले जेवण मानवेना. राहण्याची जागा बदलत बदलत ते लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात आले आणि तिथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी आयुष्यभराची मैत्री जडली. मग एका टप्प्यावर त्यांनी स्वतःला विचारले, की घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला कशासाठी पाठवले? तिथून पुढचा अभ्यास आपल्याला माहीत आहे. दिवसाचे अठरा-अठरा तास, ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी पाहिली, की हा विद्यार्थी काय शोधत होता ते कळते. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. पदवी अर्थशास्त्रात घ्यायची होती. तरीही समाज कसा चालतो, माणसे एकमेकांपासून वेगळी का बसतात, हे समजून घेण्यासाठी ते या सगळ्या वर्गांत जाऊन बसले. अर्थशास्त्रात प्राध्यापक सेलिग्मन होते. तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई होते. लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची रीत, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांच्या पुढच्या सगळ्या लिखाणात दिसतो.

त्यांच्या इंग्रजीचे नेमके काय झाले, ते इथे दिसते. मुंबईत इंग्रजी परीक्षेची भाषा होती. दुसऱ्याने लिहिलेले वाचायचे, लक्षात ठेवायचे आणि पेपरात उतरवायचे. कोलंबियात शिक्षक विचारू लागले, की याबद्दल तुमचे म्हणणे काय? आधीच्या विद्वानाचे कुठे चुकते? पुरावा कोणता? आता इंग्रजी मुद्दा मांडण्याची आणि वाद घालण्याची भाषा झाली. १९१५ मध्ये प्राचीन भारतातल्या व्यापारावर प्रबंध लिहून ते एम.ए. झाले.

९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते. जातीवर तोपर्यंत सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपल्याकडचे श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी लिहिले होते. भीमरावांनी एकेकाचे म्हणणे घेतले, त्यातले योग्य ते ठेवले आणि जे पटले नाही ते का पटत नाही हे सांगितले. मग आपला सिद्धांत मांडला. जातीचा कणा म्हणजे जातीतच लग्न करण्याचे बंधन. ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह आले. वरच्यांनी दारे लावून घेतली आणि बाकीच्यांनी त्यांचे अनुकरण केले. स्त्रीवर ताबा ठेवल्याशिवाय जात टिकत नाही, हे त्यांनी एका परदेशी वर्गात, परक्या भाषेत, तिथल्या जाणकारांसमोर मांडले. पुढच्या वर्षी तो निबंध इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात छापून आला.

समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला या निबंधात एक गोष्ट फार मोठी वाटते. जातीने ज्याला वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसवले, त्याच मुलाने जातीला टेबलावर ठेवून तपासले. त्या निबंधात स्वतःच्या अपमानाची तक्रार कुठेच नाही. तरीही विषय त्याने निवडला, कारण तो प्रश्न घरून त्याच्याबरोबर आला होता. इंग्रजीने आणि कोलंबियाने त्याला तपासायची हत्यारे दिली.

जात कोणी विचारत नाही, तेव्हा

आता आईवडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. माणूस बदलला का? बदलला, आणि खूप बदलला.

न्यूयॉर्कमध्ये कोणी त्यांची जात विचारली नाही. जेवणाच्या टेबलावर, ग्रंथालयात, वसतिगृहात ते इतरांसारखेच एक विद्यार्थी होते. त्याच देशात काळ्या लोकांना काय भोगावे लागते हेही त्यांच्या समोर होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांच्या चळवळीचे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य सांगितले. अमेरिकेत सगळे चांगलेच आहे, असे मानून ते परतले नाहीत. पण आपण जन्माने कमी आहोत, ही गोष्ट जिथे कोणी आठवण करून देत नाही अशा जागी राहिल्याने माणसाच्या आत काय घडते, याचा अनुभव त्यांनी घेतला. अनेक वर्षांनी लिहिलेल्या व्हिसाच्या प्रतीक्षेत या आठवणींत त्यांनी हे स्पष्ट नोंदवले आहे. परदेशातल्या त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, आणि बडोद्याच्या स्टेशनवर उतरताना राहायचे कुठे हा प्रश्न पडला तेव्हा ती पुन्हा जागी झाली, असे ते सांगतात.

मधल्या काळात ते १९१६ मध्ये लंडनला गेले होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी नाव घातले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीत होते, ती बोट बुडाली.

करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले. शहरात एकही हॉटेल त्यांना जागा देईना. शेवटी एका पारशी सराईत नाव लपवून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्यांना बाहेर काढले. ओळखीच्यांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत. एका बागेत झाडाखाली काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. ती जागा आज संकल्प भूमी म्हणून आपण ओळखतो.

शिक्षण माणसाची स्वतःकडे पाहण्याची नजर बदलते. समाजाची त्याच्याकडे पाहण्याची नजर तेवढ्याने बदलत नाही. या दोन नजरांमधले अंतर फार दुखते. आज नागपूर, पुणे, दिल्लीला शिकून गावी परतणाऱ्या आपल्या मुलांनाही ते जाणवते. शहरात ज्याला नावाने हाक मारतात, त्याला गावात पुन्हा वस्तीच्या नावाने ओळखतात. या दुःखाला माणसे वेगवेगळ्या प्रकारे सामोरी जातात. कोणी आडनाव सांगायचे टाळतो, कोणी गावी यायचेच थांबवतो, कोणी आतल्या आत कुढतो. बाबासाहेबांकडेही परदेशात राहून जाण्याचा मार्ग होता. त्यांनी ते अंतर आपल्या एकट्याचे मानले नाही. ज्या विद्येने मला सराईतून बाहेर काढण्यापासून वाचवले नाही, ती गावकुसाबाहेरच्या निरक्षर माणसाला कशी वाचवेल, हा प्रश्न त्यांनी पुढे नेला. विद्येला संघटनेची जोड हवी, हे त्यांच्या पुढच्या तीन वर्षांतून दिसते.

इंग्रजी प्राध्यापकाचे मराठी पाक्षिक

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१९ च्या सुरुवातीला मतदानाच्या हक्काचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. ती इंग्रजीत होती. अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडावेत, हे सरकारला समजेल अशा भाषेत आणि आकडेवारीसह सांगायचे होते.

एका वर्षाने, ३१ जानेवारी १९२० रोजी, मूकनायक निघाला. तो मराठीत होता. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपये दिले. ज्याची विद्वान म्हणून ओळख इंग्रजीत तयार झाली होती, त्याने पहिले नियतकालिक आपल्या आईच्या भाषेत काढले, कारण ज्यांच्यासाठी काढायचे ते मराठी बोलत होते. मूकनायकाच्या पानावर तुकोबांचा अभंग होता. १९२७ मध्ये बहिष्कृत भारत निघाले, त्यावर ज्ञानेश्वरांची ओवी होती. बहिष्कृत भारताचे बरेचसे रकाने ते एकटे लिहीत. ती मराठी वाचली, की कुठेही भाषांतराचा वास येत नाही. दाखले गावातले, म्हणी शेतातल्या आणि युक्तिवाद मात्र कोलंबियात तासलेला.

आम्ही तरुणांना सांगतो, की बाबासाहेबांनी इंग्रजी आणि मराठी यांच्यात भांडण लावले नाही. दोघींना वेगवेगळी कामे दिली. सरकार, न्यायालय, गोलमेज परिषद आणि जगातले विद्वान यांच्याशी इंग्रजीत बोलायचे. समाजाशी मराठीत बोलायचे. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी हा तरुण तुमचा पुढारी आहे असे जाहीर केले, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी फार थोड्यांना इंग्रजी येत असेल. त्यांना हा माणूस परका वाटला नाही.

अर्धवट राहिलेला अभ्यास आणि घरची किंमत

लंडनचा अभ्यास पुरा करायचा होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने परत येण्याची मुभा ठेवली होती. प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकून, भथेनांकडून पाच हजार रुपये उसने घेऊन आणि शाहू महाराजांची मदत घेऊन जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. या वेळी संस्थानची शिष्यवृत्ती नव्हती. सकाळी लवकर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे, दुपारच्या जेवणाचे पैसे वाचवायचे, रात्री खोलीवर पुन्हा वाचायचे, असा दिनक्रम होता. १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर आता महाराष्ट्र शासनाने घेऊन स्मारक केले आहे. लंडनला जाणारे आपले विद्यार्थी तिथे आवर्जून जातात.

१९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी. चा प्रबंध परीक्षकांना खटकला. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावर त्यात थेट टीका होती. मांडणी बदलून द्या, असे सांगण्यात आले. बाबासाहेबांनी काही भाग नव्याने लिहून दिला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. १९२३ मध्ये पदवी मिळाली आणि प्रबंध पुस्तकरूपाने लंडनमध्येच प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या राजधानीत आणि दुसऱ्याच्या सरकारविरुद्ध आपले म्हणणे न सोडता लिहिणे, हे इंग्रजी येण्याचे खरे प्रमाण आहे. उच्चार साहेबासारखा होता की नाही, याने त्यात काही फरक पडत नाही. याच काळात ते जर्मनीत बॉन विद्यापीठात शिकायला गेले होते. तिथला अर्ज त्यांनी जर्मन भाषेत लिहिला. चौथी-पाचवी भाषा शिकायला ते कधी बिचकले नाहीत.

या यशाची किंमत घरी रमाईंनी मोजली, आणि ती सांगितल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही. लंडनहून बाबासाहेब रमाईंना मराठीत पत्रे लिहीत. पैशांची ओढाताण दोन्हीकडे होती. त्यांच्या पाच मुलांपैकी फक्त यशवंतराव जगले. बाकीची चारही लहानपणीच गेली. परदेशी शिक्षणाच्या कौतुकात मागे राहिलेल्या बाईचा वाटा आपण एका ओळीत उरकतो. आजही एक मूल शिकायला बाहेर गेले, की घरातले दुसरे कोणीतरी शिक्षण सोडते, आणि ते बहुधा बहीण असते. न्यूयॉर्कला पोचल्यावर लवकरच वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात भीमरावांनी मुलांबरोबर मुलींना शिकवण्याचा आग्रह धरला होता. आपल्या वस्त्यांत शिष्यवृत्तीची बैठक घेताना मुलींना पुढच्या रांगेत बसवायला हवे, ते यासाठी.

ओळख कुठे पुरी झाली

बॅरिस्टर आंबेडकर ही ओळख परदेशाने दिली. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांची इंग्रजी साऱ्या जगाने ऐकली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. ज्या दारातून आपण आत गेलो, ते दार त्यांनी मागच्यांसाठी उघडे ठेवले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाचे काम सुरू केले, म्हणजे ज्यांना परदेश परवडत नाही त्यांच्यासाठी चांगले शिक्षण जवळ आणले. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मानाची एलएल.डी. दिली.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्म स्वीकारला. आमच्या वर्धा जिल्ह्यातूनही लोक मिळेल त्या वाटेने तिथे पोचले होते. त्रिशरण आणि पंचशील पालीत होते. बावीस प्रतिज्ञा मराठीत होत्या. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला आणि तो १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. १९०७ साली मराठी पुस्तकातून मिळालेले बीज न्यूयॉर्क, लंडन, महाड, येवला असा प्रवास करून दीक्षाभूमीवर उगवले. परदेशाने त्यांची ओळख पुसली असती, तर हा दिवस आपल्या वाट्याला आला नसता. परदेशाने त्यांना जन्माने दिलेली ओळख नाकारण्याचे बळ दिले. नवी ओळख कोणती, ते त्यांनी आपल्या लोकांमध्ये येऊन ठरवले आणि लाखोंसह स्वीकारली.

आज आपल्यासमोर काय आहे

महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी आहे. २०२२ मध्ये केंद्राने तिच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे भारतातल्या जातींवर परदेशी विद्यापीठात निबंध वाचणारा पुढचा भीमराव त्या पैशांतून जाऊ शकणार नाही. या नियमावर संघटनांनी बोलत राहिले पाहिजे. हा काही तांत्रिक बदल नाही. आपल्या मुलांनी कोणता प्रश्न घेऊन जायचे, हे दुसऱ्याने ठरवण्याचा तो प्रकार आहे.

पण नियम बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. मुलांना आम्ही तीन गोष्टी सांगतो. इंग्रजी जाहिरात आल्यावर सुरू करू नका, आठवी-नववीपासून रोज अर्धा तास भाषांतर करा. रामजीबाबांची पद्धत आजही उपयोगी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. आयईएलटीएसची परीक्षा त्यानंतर डोंगर वाटत नाही. दुसरे, अर्जात स्वतःबद्दल जे लिहायचे असते ते इंटरनेटवरून उचलू नका. अल्लीपूरच्या मजुराचा रोज, बोंडअळीने बुडालेले वर्ष, वस्तीच्या नळाला येणारे पाणी, बहिणीची सुटलेली शाळा, यांतला तुमचा प्रश्न कोणता ते आधी मराठीत लिहा आणि मग इंग्रजीत आणा. निवड करणाऱ्यांना पोपटपंची आणि खरा प्रश्न यांतला फरक कळतो. तिसरे, तिथे गेल्यावर महिन्यातून एकदा गावातल्या मुलांसाठी मराठीत दोन पाने लिहून पाठवा.

आणि आईवडिलांना आम्ही सांगतो, की मूल बदलेल. ते बदलावे म्हणूनच तर पाठवायचे. ते मान वर करून बोलेल, नको त्या गोष्टीला नाही म्हणेल, कदाचित तुमच्याही एखाद्या रूढीवर बोट ठेवेल. त्याला घाबरू नका. परत आल्यावर बाबासाहेबांसारखा एखादा मूकनायक त्याने काढावा, यासाठी गावात वाचनालय, अभ्यासिका आणि ऐकून घेणारी चार माणसे असतील एवढे आपण सगळे मिळून पाहू. या वर्षीच्या अर्जांसाठी जातीचा दाखला, जातवैधता आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. कागद अडले, तर आम्ही आहोत.

जय भीम. नमो बुद्धाय.